आजोबाचा आवाज दिव्याचा होता

दामोदर भोईर यांच्यावर अन्याय झाला तो आमच्या दिवा गावातल्या पाणी-मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी. मुलांच्या एका विनोदी कार्टूनमधल्या झोपाळू आजोबाला मराठीत त्यांचा आवाज होता, अगदी पहिल्या भागापासून. त्या सकाळी वाहिनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. गेल्या महिन्यात भोईरकाका गेले. काकूंचा फोन आला तेव्हा मी पत्रकं वाटत होते... हात गठ्ठ्यावरच राहिला, पत्रक घ्यायला थांबलेला माणूस कंटाळून निघून गेला.

मी त्यांच्या समोरच्या चाळीत राहते. तो आजोबा बोलता बोलता झोपतो आणि जाग आली की भलत्याच भांडणात शिरतो. काका तो आवाज काढायचे कवळी काढून. गल्लीतली पोरं मागे लागली की पाठ फिरवायचे, दात रुमालात गुंडाळून खिशात टाकायचे आणि वळायचे ते आजोबा होऊनच. एकदा काकू आतून ओरडल्या, "अहो, शर्ट भिजवलाय, दात काढले का त्यातले?" पोरांना तेही कार्टूनच वाटलं.

त्या मोर्चाआधी गल्लीत पाण्याचा थेंब नव्हता. मी जळजळीत पत्रकं छापली. लोकांनी त्यात वडापाव गुंडाळून नेले. मग मी रिक्षावर भोंगा लावून ओरडले, तर घसाच बसला. काकांनी पत्रक वाचलं. "काय गो पोरी, यान नुसत्या शिव्याच हायत. हसायचं कुठं?" दात खिशात, माईक हातात... "ए आयांनो, माजी आंघोळ राहिलीय परवापासून! हंडे घ्या न चला!" पोरं धावत सुटली, पोरांमागून आया. माझ्या कुठल्याच पत्रकाने एवढी माणसं बाहेर काढली नव्हती.

फोनवरचा माणूस त्यावरच चिडला होता. "आमच्या आजोबाचा आवाज मोर्चाला कसा वापरलात?" काका म्हणाले, "तुमच्या आजोबाच्या घरी पानी येतं काय?" आणि त्यांनी फोन ठेवला. आमच्याकडे नळ आला, सकाळी थोडा वेळ का होईना, येतो. तो काकांमुळे आला, हे मी कुठेही सांगेन. मी म्हटलं, "काका, आता वाहिनीच्या दारात बसू. काम परत मागू." "काम नको गो मना. नाव तेवढं पडद्यावर लावा म्हनावं. नातू शाळंत सांगतो माजा आजाच कार्टूनमधला आजोबा हाय, तर पोरं त्याला खोटारडा म्हनतात."

आम्ही गेलो. गेटवरूनच परत पाठवलं.

जुने भाग अजून लागतात. आजोबा काकांच्याच आवाजात घोरतो, काकांच्याच आवाजात भांडतो, आणि शेवटी भराभर सरकणाऱ्या नावांत काका नाहीत. तुमच्या मुलानेही या आवाजावर हसत चार घास जास्त खाल्ले असतील. तर मग हळहळू नका. वाहिनीला आजच लिहा, 'दामोदर भोईर, दिवा' हे नाव मागा, आणि ते पडद्यावर येईपर्यंत मागत राहा.