वर टॉवेल टाक

हात वर करायला अजून पंधरा दिवस मनाई आहे, म्हणून कपडे आमची कामवाली शालनच वाळत घालते. आज तिने ऑपरेशननंतर घालायची माझी घट्ट ब्रेसियर भर उन्हात दोरीवर टांगली.

“अगं, वर टॉवेल टाक!”

“टॉवेलाखाली कुबट वास येतो, काकू. लाजता कुणाला, कावळ्यांना?”

मी ओशाळले. नातींनो, तुम्हाला मी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. खरं वेगळं आहे. तुमचे बाबा हॉस्टेलवर असताना कर्करोगामुळे माझा एक स्तन काढला आणि तिथे सिलिकॉनची पिशवी बसवली. हे फक्त आजोबांना ठाऊक होतं. आता ती पिशवी फाटली, म्हणून जुन्याच व्रणातून काढून नवी बसवली. चार दिवस जखमेतलं पाणी काढायला नळी होती. दुखलं, पण सोसवलं.

धुतलेले, स्वच्छ कपडेही मी जन्मभर झाकून वाळवले. बोलतानाही तेच केलं. नेहा, गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, “आजी, आपल्या घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का? डॉक्टर विचारतायत.” मी पटकन “नाही” म्हणाले. त्या “नाही”ची मला फार लाज वाटते.

उद्याच डॉक्टरांना सांग, हो, माझ्या आजीला झाला होता. चाळिशीतच झाला होता.