हार काढून दार लावा

माझं पहिलं छापील लेखन घरघंटीच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाली मिळायचं. त्यावर माझं नाव नव्हतं आणि असायचं काही कारणही नव्हतं. मराठी घेऊन बी.ए. झाले तेव्हा मला वाटत होतं मी कथा लिहीन, आईबाबांना वाटत होतं मी बँकेच्या परीक्षा देईन, आणि प्रत्यक्षात मी दहिसरहून दोन मेट्रो करून साकीनाक्याच्या एका गाळ्यात तक्रारींचा फोन उचलायला जाऊ लागले.

त्या गाळ्यात आमचे शेठ घरघंट्या बनवायचे. घरघंटी म्हणजे स्वयंपाकघरात ठेवायची पिठाची चक्की. छोट्या कपाटासारखं उभं मशीन, वरून धान्य ओतायचं, खालच्या डब्यात पीठ पडतं, आणि समोर एक दार. आत पाती फिरतात, कुणाचा हात जायला नको म्हणून दार जरा जरी उघडं राहिलं तरी मशीन सुरूच होत नाही. पुढचं सगळं रामायण या दारावरून झालं.

मी लागले ती गुढीपाडव्याच्या आधी. पाडव्याला लोक मुहूर्ताने वस्तू घेतात हे मला माहीत होतं, पण त्याच्या दुसऱ्या दिवशी काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी शटर वर गेलं तेव्हा फोन आधीपासून वाजत होता.

"नवीन मशीन आणलं काल. चालतच नाही."

"ताई, दार नीट बंद आहे का बघता?"

"बंदच आहे."

"एकदा उघडून परत लावा ना."

"अहो, बंद आहे म्हणतेय ना! आंधळी आहे का मी?"

दिवसभर हेच. बोरिवलीची बाई गेली की मुलुंडची यायची, आवाज बदलायचा, दार तेच. दोन-तीन दिवसांनी आमचा मेकॅनिक बाईकवरून त्यांच्या घरी पोचायचा, दार लावायचा, बटण दाबायचा आणि मशीन घरघरत सुरू व्हायचं. तो परत येऊन सांगायचा, "काही नव्हतं, दार लागलं नव्हतं." मग ती बाई फोन करून मला झापायची, की तुमचा माणूस मला वेडी समजतो का. मला दोघांचंही पटायचं, आणि संध्याकाळपर्यंत डोक्याचा पार भुगा झालेला असायचा.

खोक्यात तेव्हाही एक पुस्तिका असायची. कुणीतरी इंग्रजीवरून ओढूनताणून मराठीत आणलेली. "उपकरण प्रचालित करण्यापूर्वी संरक्षक द्वार पूर्णतः आवृत असल्याची निश्चिती करावी." एका दुपारी माझं टाळकं सटकलं आणि मी ती पुस्तिका शेठच्या टेबलावर आपटली. म्हटलं, शेठ, मी मराठी शिकलेय तरी मला हे कळत नाही. आमच्या चाळीतल्या बायकांना काय कप्पाळ कळणार?

शेठ चहा बशीत ओतून पीत होते. त्यांनी बशी संपवली. "मग तू लिही."

"मी?"

"आवाज तर मोठा काढला तू. लिही ना. दसऱ्याच्या मालात तुझं पुस्तक टाकतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन असाच बोंबलला, तर तू परत फोनवर आणि पुस्तकाचं काम अंधेरीच्या एजन्सीला. नाय बोंबलला, तर तू लिहिणारी. फोनला दुसरा माणूस बघू."

मला ते किती हवं होतं हे मी तिथे दाखवलं नाही. परतीच्या मेट्रोत मात्र उगाचच हसत उभी होते. घरघंटी तर घरघंटी, लिहायचे पैसे देणारा माणूस मला भेटला होता.

मला शिकवलं आमच्या इंजिनियर सरांनी. सर मरोळच्या जुन्या गावठाणातले, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या ख्रिश्चन कुटुंबातले. घरात मराठी, रविवारी चर्च, आणि बोलणं एकदम रोखठोक. त्यांनी आधी मला मशीन खोलायला लावलं. "तू खोल, तू जोड, मग लिही." केसांत पीठ, नखांत पीठ. मग मी पहिला मसुदा लिहिला आणि त्यात "गव्हाचे सोनेरी दाणे वरच्या भांड्यात ओता" असं वाक्य टाकलं. मला ते फार आवडलं होतं. सरांनी पेन काढलं.

"दाणे सोनेरी नसले तर मशीन बंद ठेवायचं?"

त्यांनी "सोनेरी" खोडलं. पुढच्या पानावर "हळुवार" खोडलं. मी दोन दिवस त्यांच्याशी फुगून होते, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच बसून आणखी चार शब्द खोडले. दारापाशी आल्यावर मात्र आमचं दोघांचं घोडं अडलं. "दार बंद करा" यापेक्षा सोपं काय लिहिणार? मी ते ठळक अक्षरांत लिहिलं. सरांनी दाराचं चित्र काढलं, बाण काढला. तरी मला मनातून माहीत होतं की हेच वाक्य मी पाडव्यापासून फोनवर ओरडतेय आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाहीये.

गणपती गेले आणि मी शेठकडे एक मशीन मागितलं. घरी नेते, म्हटलं. आई ही पुस्तिका वाचून मशीन लावेल, मी तोंड उघडणार नाही, फक्त बघेन. शेठनी कुरकुर केली, पण टेंपोत एक मशीन चढवून दिलं.

चाळीत खोकं उतरलं आणि ही बातमी लगेच सगळ्या मजल्यावर पसरली. शेजारच्या काकू आल्या, समोरची वहिनी कडेवर मूल घेऊन आली. आई आयुष्यभर नाक्यावरच्या गिरणीत दळण घेऊन गेलेली. तिने मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "दिसता तर बरा." मी पुस्तिका तिच्या हातात दिली. तिने ती कपाळाला लावली आणि देवाच्या फळीवर ठेवली.

"आई, वाचायचंय ते!"

"वाचतंय गो. आधी पूजा नको?"

मी न बोलण्याचं ठरवलं होतं, म्हणून गप्प बसले. बाबा केव्हाच चपला घालून बाहेर पडले होते. उमेदीची वर्षं त्यांनी कापड गिरणीत काढलेली. दसऱ्याला आख्ख्या खात्यातल्या मागांना हार घालायचे, हे ते अजून सांगतात. ते परत आले ते झेंडूचा जाडजूड हार घेऊनच. "मशीन घरात आलं आणि हार नाही, असं कधी झालंय का?"

आईने कुंकू कालवलं आणि बरोबर बटणांच्या मधोमध बोट टेकवलं. वर अक्षता वाहिल्या, त्यातल्या चार धान्य ओतायच्या तोंडात गेल्या. काकूंनी आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं. बाबांनी हार घातला, मशीनच्या माथ्यावरून पुढे, दारावर शोभेल असा. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. इतक्या मायेने कुणी आमच्या मशीनकडे बघेल असं मला गाळ्यात कधी वाटलं नव्हतं.

मग आईने पुस्तिका उघडली आणि एकेक ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचत गेली. डबा ठेवला. जाळी बसवली. गहू ओतले. "दार बंद करा." तिने हार हलकेच बाजूला सारला, दार लावलं, हार पुन्हा नीट केला. बटण दाबलं.

काही नाही.

"दार लागलं का बघ गो," काकू म्हणाल्या.

"लागलाच आसा. माका दिसत नाय काय?"

तोच सूर, तेच वाक्य, फक्त या वेळी फोनच्या पलीकडे माझी आई होती. मी गुडघ्यावर वाकून बघितलं. हाराचा दोरा आणि झेंडूची एक पाकळी दाराच्या फटीत अडकली होती. दार बंद दिसत होतं, हाताला बंद लागत होतं, आणि केसभर उघडं होतं. पाडव्याला आपापल्या घरी बसलेल्या त्या सगळ्या बायका खरंच बोलत होत्या. मेकॅनिक पोचायचा तोवर हार सुकून निर्माल्यात गेलेला असायचा, म्हणून त्याचा हात लागला की मशीन चालायचं. मी ज्या बायकांवर चिडून फोन ठेवले होते त्यांच्याबद्दल मला एकदम खूप प्रेम वाटलं.

हार काढला, दार लावलं. मशीन सुरू झालं आणि वहिनीचं मूल दचकून रडायला लागलं.

त्या रविवारी मी नवा मसुदा लिहिला. पहिली पायरी, "पूजा करून घ्या. तोवर प्लग लावू नका." दुसरी, "हार घातला असेल तर हवा तेवढा फोटो काढा. मग हार काढून दार लावा." कुंकवासाठी वरच्या झाकणाच्या कोपऱ्यात एक गोल दाखवला, बटणांपासून लांब. अक्षता धान्याच्या तोंडात टाकू नका, असंही लिहिलं. आईला वाचायला दिलं. तिने चष्मा पुसून सगळं वाचलं.

"हळद खंय गेली?"

"आई, एकच गोल आहे. जागा नाही."

"आधी हळद, मग कुंकू. नुसता कुंकू कोण लावता?"

"बरं, बरं," म्हणून मी विषय मिटवला.

सोमवारी गाळ्यात मात्र वाट लागली. सरांनी पहिली पायरी वाचली आणि कागद परत केला. "हे टेक्निकल मॅन्युअल आहे. पूजा कुठून आली? आणि आमच्यासारखे लोक मशीन घेत नाहीत काय?"

"तुमच्या घरी नवीन फ्रिज आला तेव्हा काय केलंत सर?"

"फादर आले होते," ते म्हणाले. "प्रार्थना केली. पवित्र पाणी शिंपडलं."

"कुठे शिंपडलं?"

सर हसायला लागले. त्यांनी कागद पुन्हा ओढला आणि माझ्या "पूजा"पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, "किंवा प्रार्थना." पाणी कुठे शिंपडू नये त्याची एक ओळही टाकली.

राहिले शेठ. ते म्हणाले, "लोक हसतील. मशीनच्या पुस्तकात हार?" मी वाद घातला नाही. म्हटलं, बरं, घरचं मशीन टेंपोने परत पाठवते.

"पूजा झाली त्याची?"

"झाली. हार, नारळ, सगळं."

"मग परत कशाला आणते? पूजा झालेलं मशीन घरातून काढतात काय? राहू दे तुझ्या आईकडे."

मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. सरही बघत राहिले. शेठनी आधी माझ्याकडे, मग मागच्या भिंतीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे बघितलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "छाप. पण फोन बोंबलला तर मी ऐकणार नाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गाळ्यात पोचले. शटर वर गेलं. फोन शांत होता. मी टेबल पुसलं, पेन लावून ठेवलं. तरी फोन शांतच. शेवटी मला राहवेना, मी रिसीव्हर उचलून बघितलं, लाईन चालू आहे ना. मग एक फोन आला, ओले गहू घातले म्हणून जाळी तुंबलेली. ते मी सांगून निस्तरलं. आणखी एक, डबा हलतो म्हणून. शेठ त्यांच्या टेबलाशी बसून ऐकत होते.

दुपारी पुन्हा वाजला. शेठनी खूण केली म्हणून मी स्पीकर लावला.

"घाटकोपरहून बोलतेय. तुमच्या पुस्तकात चूक आहे."

सर हातातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात येऊन उभे राहिले.

"कुठली चूक, ताई?"

"कुंकवाला गोल दिलाय. हळद कुठे लावायची? सासूबाई कालपासून माझ्या मागे लागल्यात. हळदीशिवाय कुंकू लावायचं नाही म्हणतात. आम्ही आपलं बाजूलाच लावली, पण चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. "आणि मशीन? मशीन चालू झालं का?"

"ते काय, कालच झालं. फोटो काढला, हार काढला, दार लावलं. लिहिलंय ना तसं." आणि तिने फोन ठेवला.

लिहिलंय ना तसं. माझ्या कथा आजवर माझ्याशिवाय कुणी वाचल्या नव्हत्या. इथे घाटकोपरच्या एका स्वयंपाकघरात एक सून आणि एक सासू माझी ओळ धरून भांडल्या होत्या. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

शेठ सरांना म्हणाले, "दुसरा गोल काढ. पुढच्या छपाईत टाकू." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि फोनला माणूस बघा कोणीतरी."

घरी आले तेव्हा आई घरघंटीवर भाजणी दळत होती. त्या आवाजात मी ओरडून तिला सगळं सांगितलं. तिने मशीन बंद केलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सगळं ऐकून झाल्यावर तिने पदराला हात पुसले आणि माझ्या गालावर पिठाची बोटं उमटवली.

"बाई शहाणी आसा ती," आई म्हणाली. "तिका आता फोनवर ठेवा."