हळदीच्या उत्तरावर मी मारलेली फुली

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटून राहिली, म्हणून लिहितोय.

मी सेनगाव तालुक्यात मराठी शिकवतो. विज्ञानाच्या मॅडम रजेवर, म्हणून सातवीचे पेपर मीच तपासले. हळद म्हणजे झाडाचा कोणता भाग? पूजानं 'खोड' लिहिलं होतं. मी फुली मारली.

आज पेपर वाटल्यावर ती उभी राहिली. "सर, खोडच हाय. बेणं लावलं की त्याच्या डोळ्यातून कोंब येतो. मुळाला डोळे नसतेत."

"जमिनीखाली वाढतं ते मूळ. घरी हळद पिकते म्हणून मास्तरीण झालीस का?" मी म्हणालो. वर्ग खदाखदा हसला. ती मान खाली घालून बसली.

मधल्या सुट्टीत पुस्तक उघडलं. रताळं मूळ, पण हळद आणि आलं खोडच. पोरीचं बराबर होतं.

तिला व्हरांड्यात गाठून मी गुपचूप गुण वाढवून दिला. तिनं विचारलं, "सर, हे वर्गात सांगता काय?"

"बघू," म्हणालो आणि निघून आलो.

हसं सगळ्यांसमोर केलं, चूक मात्र कोपऱ्यात कबूल केली. उद्या पहिल्या तासाला वर्गातच सांगणार आहे. तुमच्यापैकी कुणी लेकरांसमोर 'मी चुकलो' म्हटलंय का? पहिलं वाक्य कसं काढलंत तोंडातून?