यवतेश्वरच्या घाटातली डॉज

दुपारचं जेवण झालं की मी गाडीत जाऊन आडवी होते. घरात पलंग आहे, पंखा आहे, पण पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या डॉजच्या मागच्या सीटवर जशी डुलकी लागते तशी पलंगावर लागत नाही. सीटचं कव्हर मीच शिवलंय. चारी दारं उघडी टाकायची, पदर तोंडावर ओढायचा. साताऱ्याच्या या गोडोलीत दुपारी वारा असतो, तो एका दारातून येतो आणि दुसऱ्या दारातून जातो.

आज मात्र डोळा लागत नाही. उद्या सकाळी गॅरेजवाले अस्लमभाई चेन-पुली घेऊन येणार आहेत. हिचं इंजिन उचलून बाहेर ठेवतील आणि त्या जागी जीपचं जुनं डिझेल इंजिन बसवतील. मीच हो म्हटलंय.

ही गाडी ह्यांनी पाचगणीतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या मागून आणली. एके काळी तिथली टॅक्सी होती म्हणे. आणली तेव्हा आत कोंबड्या राहत होत्या. हे भूमी अभिलेखात मोजणीदार. आठवडाभर लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि रविवारी गाडीखाली शिरायचं. मी बॅटरी धरून उभी. बॅटरी जरा हलली की खालून आवाज यायचा, "शरयू, उजेड पळाला." त्या जुन्या अमेरिकन गाडीतला एकेक भाग ह्यांनी काढला, पुसला आणि परत बसवला. रंग तेवढा राहिला. मग फुफ्फुसांचं दुखणं निघालं आणि हे गेले. त्याला आता वर्ष होत आलंय.

रंग मी करून घेतला, ह्यांना हवा होता तोच, फिका पिस्ता. आणि त्यानंतरच गाडीनं हे सुरू केलं. सकाळी पहिल्या फटक्यात चालू होते. समर्थ मंदिर ओलांडते, यवतेश्वरच्या घाटाला लागते, आणि वर जाता जाता चहाच्या टपरीपाशी आचके देऊन बंद पडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. अस्लमभाईंनी कॉइल बदलली. कार्बोरेटर दोनदा साफ केला. पेट्रोलचा पंप गरम होत असेल म्हणून त्यावर ओलं फडकं गुंडाळलं. आज सकाळीसुद्धा ती तिथंच बंद पडली. शेवटी अस्लमभाई म्हणाले, "काकी, इंजिनाचं वय झालं. किती दिवस छळायचं तिला?" बोलताना त्यांचाही चेहरा उतरला होता.

डिझेल बसवलं की गाडी चालेल, यात शंका नाही. पण मग ती धडधडेल. हिचा आताचा आवाज कसा आहे सांगू? रेशमावर शिलाई मशीन चालावं तसा. हे तो आवाज ऐकत बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे.

पत्र्यावर चिमण्या चालतायत. त्यांच्या नखांचा आवाज लांब जातो. मग आणखी लांब.

"पाय आवर. दार लावतो."

पुढच्या सीटवर हे बसलेत. पांढरा हाफ शर्ट, बाहीला ग्रीस.

"कधी आलात?"

"झाला थोडा वेळ. तुला झोप लागायची वाट बघत होतो."

मी आधी ह्यांच्या छातीकडे बघते. छाती सावकाश वर-खाली होतेय. घरघर नाही, नाकात नळी नाही. मला एवढं बरं वाटतं की मी ते श्वास मोजत राहते.

गाडी चाललीय. इंजिनाचा आवाज नाही, पण खिडकीतून घाट खाली सरकतोय. सातारा खाली राहतो, अजिंक्यतारा बाजूला होतो. मी आता पुढे बसलेय, स्टिअरिंग माझ्या हातात.

"अहो, मी हिचं इंजिन काढतेय."

"कळलं."

"रागावलात?"

"मेल्यावर कोण रागावतं?" हे हसतात. "काढायचं तर काढ. गाडी चालली पाहिजे, आणि तू तिच्यात बसली पाहिजेस. बाकी सगळं लोखंड."

"मला नाही काढायचं."

"मग?"

"बंद पडते हो सारखी. मी एकटी असते. मागून गाड्या हॉर्न वाजवतात."

माझा हात गिअरवर आहे, त्यावर हे आपला हात ठेवतात. हात गरम आहे.

वळण येतं. वळणापुढे घाट नाही, दवाखान्याचा लांब व्हरांडा आहे. हिरव्या कडेच्या भिंती, ओल्या फरशीचा वास. डॉज फरशीवरून चाललीय आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. एक नर्स बाजूला होऊन वाट देते. हे गेले त्या कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं आहे. गाडी आचके द्यायला लागते.

"इथं नको," मी म्हणते. "इथं नको थांबायला."

"नाही थांबत. तू मला सांग, बंद पडायच्या आधी ती काय करते?"

"अडखळते. पेट्रोल संपल्यासारखी."

"पेट्रोल असतं?"

"टाकी भरलेली असते. तरी तिच्यापर्यंत पोचत नाही."

"आणि थोडं थांबलं की?"

"पोचतं."

"बघ," हे म्हणतात. ह्यांनी मला कधी उत्तर सांगितलंच नाही. जमिनीच्या भांडणातही दोन्ही भावांना असंच विचारत बसायचे, त्यांचं त्यांनाच कळेपर्यंत.

गाडी थांबते. मी दार उघडते आणि पाय आमच्या स्वयंपाकघरात टेकतात. ओट्यावर तेलाचा नवा पत्र्याचा डबा. हे पाटावर बसलेत, लसूण सोलतायत. जिवंतपणी ह्यांनी लसूण कधी सोलला नव्हता.

"तेल काढ," हे म्हणतात.

मी खिळा आणि बत्ता घेऊन डब्याला भोक पाडते. डबा वाकडा करते. तेलाची धार येते, थांबते, डबडब करते, पुन्हा थेंबभर येते.

"अडखळतंय," हे म्हणतात.

"एकाच भोकातून कसं येईल? दुसरं पाडावं लागतं समोरच्या कोपऱ्यात."

"ते कशाला?"

"हवा आत जायला! एवढं कळत नाही का तुम्हाला? आत हवाच गेली नाही तर तेल बाहेर कसं..."

मी बोलता बोलता थांबते. हे लसूण खाली ठेवतात आणि माझ्याकडे बघत राहतात. बॉनेटवर हात ठेवून बघायचे तसं.

"अहो, टाकीचं टोपण. रंगवाल्यानं जुनं गंजलेलं म्हणून फेकलं. नवं बसवलं, चकचकीत. घट्ट बसतं ते."

"घट्ट बसतं होय?"

"तिला हवाच मिळत नाही. पेट्रोल जातं तसं आत सगळं ओढून धरलं जातं. थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरते, मग चालू होते."

"अस्लमभाईंना हे आधी सुचलं असतं तर ओलं फडकं वाचलं असतं," हे म्हणतात आणि मोठ्यानं हसतात. हसताना खोकला येत नाही. मी तो न आलेला खोकला ऐकत उभी राहते.

आता आम्ही शेडमध्ये आहोत, गाडीच्या मागे. हे टोपण फिरवून काढतात आणि माझ्या डाव्या हातात ठेवतात. वरून माझी बोटं मिटवतात.

"धर घट्ट. पडू देऊ नकोस."

"तुम्ही बसा ना गाडीत. एक चक्कर मारून येऊ."

"तू चालव. मला आवाज येतो तिथं."

"जेवून तरी जा."

"शरयू," हे म्हणतात, "उजेड पळाला."

डोळ्यांवर ऊन आलंय. पत्र्यावर चिमण्या. मी सीटवर उठून बसते. चपला घालताना डावा हात दुखतो. तळव्यावर गोल वळ उठलाय, बशीएवढा नाही, वाटीच्या बुडाएवढा, आणि त्याच्या कडेला बारीक बारीक दाते.

मी गाडीच्या मागे जाते. टोपण जागेवर आहे, घट्ट. उजव्या हातानं जोर लावून फिरवते. सुस्स करून हवा आत जाते. कितीतरी वेळ जात राहते. मी तिथंच मडगार्डला टेकून रडून घेते.

संध्याकाळी अस्लमभाई उद्याची चेन-पुली आजच आणून ठेवायला येतात. मी टोपण त्यांच्या हातात देते आणि काय वाटतं ते सांगते. ते टोपण उलटं करून बघतात, तोंड लावून फुंकतात आणि कपाळावर हात मारतात.

"या अल्ला. सगळं इंजिन उलटंपालटं केलं आणि हे नाही बघितलं! काकी, हे दुसऱ्याच कुठल्या गाडीचं आहे."

ते ड्रिलनं त्याला बारीक भोक पाडतात. मग मी चालवायला बसते, ते शेजारी. समर्थ मंदिर जातं. घाट लागतो. टपरी जवळ येते तसे आम्ही दोघंही इंजिनाकडे कान लावतो. टपरीवाला सवयीनं उठून उभा राहतो. आम्ही त्याच्यासमोरून जातो. पुढचं वळण, त्याच्या पुढचं. रेशमावरचं मशीन चालूच आहे.

वर सपाटीवर मी गाडी बाजूला घेते, पण बंद करत नाही.

"काकी, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ह्यांनी."

अस्लमभाई मान हलवतात. खोटं वाटल्यासारखी नाही. मग गिअरवरच्या माझ्या हाताकडे त्यांचं लक्ष जातं.

"हाताला काय लागलं?"

मी तळवा वर करून दाखवते. ते चष्मा सारून बघतात.

"टोपणाचा ठसा आहे. उघडताना जोर लावला असेल तुम्ही."

"असेल," मी म्हणते.

टोपण मी उजव्या हातानं उघडलं होतं. ठसा डाव्या तळव्यावर आहे. मी मूठ मिटते आणि गाडी गिअरमध्ये टाकते.