फळीवरचा पोह्यांचा डबा

चिंच फोडली की चिंचोके कुणी जपून ठेवत नाही. तरी वर्षभरानं बघावं तर कोनाड्यात, फळीवर, उशाखाली पसापसा निघतात. आमच्या सासूबाईंच्या गोष्टी तशाच साठल्यात. सांगायचं कुणी ठरवत नाही, पण चार माणसं जमली आणि चहा चढला, की एकीला मोटारीची आठवते, दुसऱ्याला लाँचची. मी त्यांच्याजवळ सगळ्यांत जास्त राहिले, म्हणून माझ्याकडे निघतात जास्त.

पनवेलच्या इस्रायल आळीत, आम्हा मराठी ज्यूंच्या वस्तीत, आमचं घर. सासूबाईंचं नाव मिल्काबाई, मी त्यांना आई म्हणायचे. उंच, ताठ, नऊवारी नेसलेल्या, आणि हाताशी कायम एक गाठोडं बांधलेलं. बहीण कराचीला, भाऊ एडनला, लेक पुण्याला. कुणाचं बाळंतपण, कुणाचं दुखणं, आई निघाल्याच. सासरे लवकर गेले. आता मिल्काबाई घरात बसतील असं आळीला वाटलं. वर्षाच्या आत त्या कराची करून आल्या.

निघायची रीत मात्र ठरलेली. कराचीहून आणलेला पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता, तो पोह्यांनी भरायचा आणि फळीवर ठेवायचा. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या नळीला, बोटं लावायची, ती ओठांना लावायची आणि आमच्या प्रेषिताला म्हणायचं, "एलियाहू हन्नबी, सुखरूप परत आण, मलिदा करीन." परत आल्या की तेच पोहे भिजवायचे, वर नारळ, साखर, वेलची, फळं, की झाला मलिदा. नवस फेडल्यावर मगच बाकीच्या गप्पा.

मला आई नव्हती. लहान वयात ह्या घरात आले ती ह्याच बाईच्या पदराला धरून राहिले. त्या गावाला गेल्या की घर खायला उठायचं. मग मी मान वर करून फळीकडे बघायचे. डबा आहे ना जागेवर? मग येणार.

*

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली असायची. त्या वायूवर मोटार सपाटीला बरी चालायची, घाट आला की धापा टाकायची.

आई पुण्याला निघाल्या होत्या. खंडाळ्याच्या चढाला ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरवलं, बाप्यांना ढकलायला लावलं. बायका कडेला बसल्या. आई गाठोडं घेऊन सरळ चालायला लागल्या. ड्रायव्हर मागून ओरडला, आजी, हरवाल, थांबा.

बऱ्याच वेळानं मोटार काळा धूर सोडत वर पोचली. सगळे घामानं निथळलेले, कोळशानं माखलेले. आई एका टपरीवर चहा पिऊन शेंगा सोलत बसलेल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, "या, बसा. दमला असाल."

*

हा किस्सा घरातला. आई कराचीला गेलेल्या असताना आमच्या ह्यांना दहीपोह्यांची हुक्की आली. मी नको नको म्हणत होते, तरी ह्यांनी डब्यातून वाडगाभर काढलेच.

आई परत आल्या. चपलाही काढल्या नव्हत्या. डबा खाली घेतला, कानाशी धरून हलवला आणि ह्यांच्याकडे पाहिलं.

"उंदीर झालेत फार," हे म्हणाले.

"गुणी आहेत. झाकण परत लावून जातात."

त्या दिवसापासून डबा सगळ्यांत वरच्या फळीवर गेला. तिथं फक्त आईंचाच हात पोचायचा.

*

मुंबईला जायचं तर मोऱ्याच्या बंदरातून लाँच. एकदा भर समुद्रात वारा फिरला. लाँच अशी हलायला लागली की माणसं एकमेकांच्या मांडीवर. कोणी एकवीरेला साकडं घालतंय, कोणी अल्लाला हाक मारतंय, कोणी मारुतीला नारळ बोलतंय. एकच कालवा.

आईंनी खांब धरला होता. म्हणाल्या, "अहो, एकेकानं बोला. ह्या गोंधळात वर कुणालाच नीट ऐकू जात नसेल."

रडणारी माणसं हसली. पैलतीरी पोचल्यावर लाँचच्या तांडेलानं आईंना हात धरून उतरवून घेतलं. वर म्हणाला, परतीलाही माझ्याच लाँचला या, माणसं गप बसतात.

*

आमच्यात शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो. मग चूल नाही, ओझं नाही, प्रवास नाही. एका शुक्रवारी आई मोऱ्याकडून येत होत्या आणि करंजाड्याजवळ मोटार बंद पडली. खाडीपलीकडे पनवेलचे दिवे दिसत होते. बाकीची माणसं चालत निघाली. सूर्य बुडाला होता. आईंनी गाठोडं जिथल्या तिथं ठेवलं आणि समोरच्या घराच्या ओटीवर बसल्या.

ते घर पारूबाईचं. मिठागरावर काम करणारी आगऱ्याची बाई. तिनं भाकरी पुढं केली. आईंनी मोटारीतच खाल्लं होतं, म्हणाल्या, आता उद्या रात्रीपर्यंत मला चुलीजवळ बोलावू नका, आमचा शनिवार आहे.

पारूबाईला केवढा आनंद. "आमच्यातबी शनवार करतान, बाय. तेल कंच्या मारुतीला वाहतंस?"

आता आमचे पूर्वज कोकणात घाण्यावर तेल काढायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आई म्हणाल्या, "आमच्यांनी तेल काढलं गं. वाहायचं तुमच्यावर सोडलं."

इकडे आमच्या जिवाला घोर. सकाळी हे चालत शोधायला गेले, तर आई ओटीवर केळी खात बसलेल्या आणि पारूबाई जिताड्याचं कालवण कसं करायचं ते सांगत होती. आई म्हणाल्या, "दिवस मावळल्यावर ये. ओझं आहे."

त्यानंतर दरवर्षी नवं भात निघालं की पारूबाई डोक्यावर पोहे घेऊन आमच्या दारात. डब्यातले पोहे तेव्हापासून करंजाड्याचे.

*

पुढं इस्रायल देश झाला आणि आळीतली घरं एकेक करून कुलूपबंद व्हायला लागली. आमचे थोरले दीर शालोमभाऊजीही गेले. सिनेगॉगात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमेनात.

सासऱ्यांच्या पुण्यतिथीला नऊच जमले. आई उठल्या आणि एसटी स्टँडवर गेल्या. पेणची गाडी सुटायच्या बेतात होती. पायरीवर चढून विचारलं, आमच्यातलं कुणी आहे का? मागच्या बाकावरून एक चष्मेवाले गृहस्थ भीत भीत उठले. आईंनी त्यांची पिशवी आधी उचलली.

कंडक्टर म्हणाला, आजी, ह्यांचं तिकीट पेणचं काढलंय.

"पेण कुठं पळून जातंय? प्रार्थना व्हायचीय."

ते गृहस्थ प्रार्थनेला उभे राहिले, जेवले, शेवटच्या गाडीनं गेले. वर्षभरात तेही इस्रायलला गेल्याचं कळलं. आई म्हणाल्या, चला, आता पेणची गाडी नुसतीच जाणार.

*

शालोमभाऊजींची पत्रं यायची. मला वाचता येत नाही, हे वाचून दाखवायचे. दर पत्रात एकच, आईला पाठवा. ह्यांची नोकरी भाताच्या गिरणीत, आम्ही हलणार नव्हतो. आई हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. मी फळीकडे बघून दिवस काढत होते.

शेवटी भाऊजी आजारी पडल्याचं पत्र आलं. आई म्हणाल्या, पासपोर्ट काढा.

पासपोर्टच्या ऑफिसरला काही उमजेना. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, आणि धर्म ज्यू. त्यानं विचारलं, ज्यू आहात, तर मराठी कशा बोलता?

"मग काय मुकी राहू?"

निघायच्या आदल्या दिवशी पारूबाई नवे पोहे घेऊन आली. मी डबा पुसून पुढं केला. आईंनी तो बाजूला सारला आणि परात मागितली.

"पोहे भिजव, रिबका. मलिदा आज करू."

मी परातीत पोहे भिजवले. आळीत उरलेली चार माणसं आली, एलियाहू हन्नबीचं गाणं झालं, मलिदा वाटला. सगळे गोड मानून खात होते. पारूबाईला राहवलं नाही.

"बाय, अजून गेलीबी नाय, नि परसाद आजच?"

आईंनी तिच्या हातात केळं ठेवलं. म्हणाल्या, "नवे पोहे आहेत. ताजे छान लागतात."

रात्री भांडी घासताना मी टोपलीतले उरलेले दोन मुठी पोहे डब्यात टाकले, स्टूल घेतलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. कुणाला सांगितलं नाही.

सकाळी गाठोडं बाहेर गेलं. आईंनी मेझुझाला बोटं लावली, ओठांना लावली. नवस बोलल्या नाहीत. उंबरा ओलांडला आणि परत आत आल्या. हात वर करून डबा काढला. कानाशी धरून हलवला.

मी खाली मान घालून उभी.

डबा त्यांनी वर ठेवला नाही. खालच्या फळीवर ठेवला, माझा हात पोचेल असा.

"अधूनमधून ऊन दाखवत जा," म्हणाल्या. "किडे होतात."