डब्यातला सोनचाफा

तुम्ही सगळे अमरावतीहून आम्हाला पोचवायला बडनेऱ्याच्या फलाटावर आलात, तेव्हा बाबांच्या हातात ट्रंक नव्हती. तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं सोनचाफ्याचं कलम होतं. ट्रंक आईने उचलली होती. चीनची लढाई चालू होती, जबलपूरला तोफांच्या कारखान्यात भरती निघाली होती. "दोन वर्षांत परत येतो," बाबा मोठ्या काकांना म्हणाले, आणि तुम्ही माना डोलावल्यात.

कारखान्याच्या क्वार्टरमागे चांगली काळी जमीन होती. शेजारच्या मिश्राइनने तिच्यात पेरू, लिंबू, काय काय लावलं. आमच्या ओळीतल्या मराठी घरांची मात्र तुळससुद्धा डब्यात. परत जायचं होतं ना! दिवसभर तोफा घडवणारी ही शूर माणसं अंगणात कुदळ मारायला घाबरत.

आईला एकच हवं होतं, त्या झाडाला आलेलं फूल. "जमिनीत लावा जी," ती म्हणायची.

"काहून? जाताना उपटून नेता येते का?"

पाकिस्तानची लढाई लागली. बाबा ओव्हरटाइमला असताना आईने डबा कापून झाड जमिनीत लावलं. महिन्याभरात नवी पानं फुटली. लढाई थांबली, बाबांना उजेडात अंगण दिसलं, आणि त्यांनी झाड उपटून दुसऱ्या डब्यात कोंबलं. "आता आपण जाऊन राहिलो ना!" आठवड्याभरात ते वाळलं. आईने डबा रिकामा करून त्यात कोळसे भरले. मला त्या दिवशी बाबांची किळस आली. अजूनही थोडी येते.

रिटायर झाल्यावर बाबा एकदाचे अमरावतीला आले. तुम्ही त्यांना पाहुण्यासारखं वाढलंत आणि परतीचं तिकीट कधीचं आहे ते रोज विचारलंत. पाचव्या दिवशी ते जबलपुरातच अधारतालला बांधलेल्या आमच्या नव्या घरी हजर. येताना नर्सरीतून सोनचाफा घेऊन आले आणि स्वतःच खड्डा खणायला लागले. आई दारातून बघत होती.

"डब्यातच राहू द्या," ती म्हणाली. "तुमचा काय भरवसा?"

बाबांनी झाड लावून माती पायाने दाबली.

'एकदा घरी या,' असं तुम्ही अजून लिहिता. मी घरीच आहे. झाड भरभरून फुलतं. आईने शेवटपर्यंत त्याच्या एकाही फुलाला हात लावला नाही. मी रोज ओंजळभर तोडते आणि आता इथेच गल्लीत राहणाऱ्या मिश्राइनच्या सुनेला नेऊन देते.