कीड न लागलेला बटाटा

बटाट्याची नवी वाणं तयार करणाऱ्या त्या केंद्रात सगळे तिला शंकाताई म्हणत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. ही बाई न पोळताच पाणी फुंकून प्यायची. नवरा "आलोच" म्हणाला की ती "कुठून?" असं विचारायची.

तिच्या कामात मात्र हा स्वभाव उपयोगी पडायचा. भुंगेरे पानं खाऊन बटाट्याच्या झाडाचा पार खराटा करत. त्यांना दाद न देणारं वाण काढायचं म्हणून तिने साध्या बटाट्याचा रानटी बटाट्याशी संकर केला. वर्षानुवर्षं निवडत निवडत शेवटी झाडांची एक ओळ हाती लागली. त्या हंगामात आजूबाजूच्या झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या आणि ही ओळ हिरवीगार! एका पानाला भोक नाही.

"जिंकलात ताई! लगेच जाहीर करू," केंद्राचे साहेब म्हणाले.

"इतकं निर्मळ? कुणीतरी गुपचूप औषध फवारलं असणार."

तिने पानं हुंगली. माळ्याला आडून आडून विचारलं. मग तिने स्वतःच डबीभर भुंगेरे आणून ओळीवर सोडले. त्यांनी पानाला तोंड लावलं आणि चालू लागले; मेला एकही नाही. म्हणजे फवारणी नव्हती. तरी तिच्या मनातली पाल चुकचुकतच राहिली.

साल नीट बघावी म्हणून तिने त्यातले चार बटाटे घरी आणून ओट्यावर ठेवले. नवरा शाळेची बस चालवायचा आणि दुपारी जेवायला घरी यायचा. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, तर ओटा रिकामा आणि कढईत तेल.

"अहो, इथले बटाटे?"

"तळून खाल्ले. झकास होते गं! तुझ्या हाताला यश आहे."

ताई जागीच थबकली. हा माणूस सख्ख्या आईच्या स्वयंपाकालाही नावं ठेवायचा. आज एकही खोड नाही?

"खरं सांगा, काय होतंय?"

"कुठे काय?" पण कपाळ घामाने डबडबलेलं आणि हात पोटावर.

"अहो!"

"कडू होते," तो कसाबसा म्हणाला. "घसा जळतोय. तुझी एवढी मेहनत, म्हटलं कशाला हिरमोड करायचा..."

पुढचं उलटीने बोलू दिलं नाही. दवाखान्यात नेताना ती रडत होती आणि ओरडतही होती, "खोटंच बोलायचं होतं, तर निदान मीठ कमी आहे म्हणायचं!"

संध्याकाळपर्यंत त्याला बरं वाटलं. तिने शेतातल्या त्या ओळीचे उरलेले बटाटे तपासायला दिले. रानटी बटाटा ज्या विषाने किड्यांना लांब ठेवतो, तेच विष जमिनीखालच्या बटाट्यातही नको तितकं उतरलं होतं.

"थोडंच जास्त आहे हो," साहेब कुरकुरले.

"भुंगेऱ्यांनी उपास म्हणून पानं सोडली नव्हती, साहेब."

तिने ती ओळ उपटायला लावली. मोजकी झाडं तेवढी ठेवली आणि खाण्याच्या बटाट्याशी पुन्हा संकर सुरू केला.

पुढे बऱ्याच हंगामांनी वाण तयार झालं. भुंगेरे त्याची थोडी पानं खातात, पण पीक उभं राहतं. बटाटा चवीला गोड. बियाणं वाटताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "ताई, यात काही खोट नाही ना?"

"अजून सापडली नाही. तुम्हाला सापडली तर आधी मला सांगा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं, हातातल्या दोन पोत्यांपैकी एक परत ठेवलं आणि "आधी एवढंच लावून बघतो" म्हणत दुसरं खांद्यावर टाकून निघून गेला.